तामोरेकाकांचा उलटा हात

तामोरेकाका माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला. कार्ड माझ्या हाती देण्याआधीच त्यांनी उजवा हात उलटा करून मशीनच्या पाठीला लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि म्हणाले, "याचा पंखा बंद हाय." मी तेव्हा पंचविशीतला. दुकान नवं आणि अक्कल दुकानाहूनही नवी. मी म्हटलं, काका, ही मशीनं गरमच असतात. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कार्ड परत खिशात घातलं आणि नंतर येतो म्हणून जिना उतरून गेले. संध्याकाळी मशीन बंद पडलं. पालघरहून मेकॅनिक यायला तिसरा दिवस उजाडला. त्याने पाठ उघडली तर पंख्याच्या पात्यात पाल अडकलेली. चौथ्या दिवशी काका आले, मशीनला हात लावला, "आता बरा हाय" म्हणाले आणि मगच कार्ड बाहेर काढलं.

दुकान म्हणजे बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावरची एक खोली. झेरॉक्स, टायपिंग आणि एका कॉम्प्युटरवर डीटीपी. काका समुद्राकाठच्या चिंचणीचे. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत चिलिंग प्लांटवर ऑपरेटर होते. माझा थोरला भाऊ अनंतदादा त्याच कंपनीत, रिअ‍ॅक्टरवर. दादा सालवडला खोली घेऊन राहायचा आणि काकांच्याच पाळीला असायचा. मला काकांची खरी ओळख झाली ती दादाच्या बोलण्यातून. रिअ‍ॅक्टर म्हणजे एक भला मोठा हंडा. आत रसायनं एकमेकांवर घातली की ती आपोआप तापत जातात. हंड्याभोवती गार खारं पाणी फिरत राहिलं तर सगळं ठीक, नाहीतर हंडा उतू जाणार, आणि तो उतू जाणं म्हणजे दुधाचं उतू जाणं नव्हे. ते गार पाणी पाठवायचं काम काकांचं. पंपाजवळचं तापमानाचं घड्याळ चार वर्षं एकाच आकड्यावर अडकून बसलं होतं. नवीन मागवलंय, असं ऑफिस चार वर्षं सांगत होतं. तोवर सगळ्या पाळीचा भरवसा तामोरेकाकांच्या उलट्या हातावर. पाइपाला हात लावून ते सांगायचे, चालेल किंवा थांबवा. शिफ्ट इनचार्ज उत्तरेकडचे, तेही म्हणायचे, "तामोरे का हाथ बोला तो बोला."

माणूस भयंकर अस्वस्थ. बसलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. दुसऱ्या पाळीला तीन वाजता कंपनीत हजर व्हायचं, तर हे दोनलाच बोईसरला हजर. घरी बसून काय करू, म्हणायचे. मग तो एक तास माझ्या दुकानात येरझाऱ्या. ट्यूबलाइटच्या चोकला हात लाव, स्विचबोर्डाला लाव, चहाच्या पेल्याला लाव. गिऱ्हाईक उभं असलं तर त्याच्या हातातली बॅटरीसुद्धा चाचपून बघतील असं मला वाटायचं. मी स्वतः उतावळ्या स्वभावाचा, एका जागी बसणं माझ्याही जिवावर यायचं. तरी काकांपुढे मी म्हणजे देवळातलं कासव.

हे सगळं त्यांनी कुठून आणलं ते एकदा त्यांनीच सांगितलं होतं. कंपन्या यायच्या आधी ते बर्फाच्या कारखान्यात होते, होड्यांच्या पोटात बर्फ भरायला. तळाला बर्फ, वर मासा, परत बर्फ. नवखा माणूस बर्फ जास्त भरतो आणि पाणी बाहेर जायची वाट ठेवायला विसरतो, मग बर्फ असून मासा नासतो. "बर्फ गार करतो असा लोकांना वाटतो," ते म्हणाले. "गार करता येत नाय कुणाला. ऊन काढून न्यावा लागतो. ऊन कुठून जाईल ती वाट पयली बगायची." ऊन म्हणजे त्यांच्या बोलीत उष्णता. हे वाक्य त्यांनी मला निदान पन्नासदा ऐकवलं असेल. मी शाळेत विज्ञानात पस्तीस गुणांवर सुटलेला; मला उष्णता कळली ती या वाक्यातून.

आता माझ्या कॉम्प्युटरकडे येतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कंपन्यांची माहितीपत्रकं, खोक्यांवरची रंगीत चित्रं अशी कामं मला मिळायला लागली होती आणि माझं मशीन एक चित्र फिरवायला घेतलं की मी खाली जाऊन चहा पिऊन परत यायचो तरी फिरलेलं नसायचं. एका कॉम्प्युटरच्या मासिकात मी वाचलं की चिपवर जो वेग लिहिलेला असतो त्याहून जास्त वेगाने ती पळवता येते. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. बोर्डावर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात, जंपर. त्या एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवल्या की दोनशेची चिप अडीचशेने धावते. मी तेच केलं. मशीन पळायला लागलं आणि मी हवेत. बरोबर वीस मिनिटांनी पडदा गोठला. परत चालू केलं, परत वीस मिनिटं.

काका दोन वाजता आले तेव्हा मी मशीनचं झाकण काढून डोक्याला हात लावून बसलो होतो. चिपवर अॅल्युमिनियमची पट्ट्यापट्ट्यांची एक वीट बसवलेली असते, तिच्यावर छोटा पंखा. काकांनी विटेला उलटा हात लावला आणि लगेच काढला. मी काय केलंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं हे आता बसतील. बसले नाहीत. "म्हणजे कंपनीन लिवलंय त्याच्यापेक्षा जास्त माल काढतोस तू," ते म्हणाले. "मग ऊनपण जास्त निघनार. वाट केली हाय का त्याला?"

वाट केलेली नव्हती. पुढचे पंधरा दिवस ती त्यांनी केली. पाळीच्या आधीचा रोजचा तास त्या विटेला वाहिलेला. आधी त्यांनी तिचा तळ बघितला आणि तो सपाट नाही म्हणाले. मला तो आरशासारखा सपाट दिसत होता. त्यांनी खिडकीची एक जुनी काच टेबलावर ठेवली, तिच्यावर बारीक एमरी पेपर पाण्याने चिकटवला आणि वीट त्यावर घासायला लागले, आठच्या आकड्यात, सारख्या दाबाने, उभ्याउभ्याच. मध्येच सोडून खोलीत दोन फेऱ्या मारायच्या, परत घासायचं. चार दिवसांनी तळाला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसायला लागलं. मग चिप आणि विटेच्या मध्ये लावायचा पांढरा मलम. मी तो केकवर क्रीम लावतात तसा थापला होता. काकांनी तो सगळा पुसून काढला आणि बोटाच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढा घेतला. माशाच्या तुकडीला हळद चोळतात तेवढा पुरे, म्हणाले. जास्त लावलास तर तोच वाटेत उभा राहतो. नंतर खोक्याच्या पाठीला भोक पाडून जुना पंखा बसवला, ऊन हवा बाहेर फेकणारा. समोरच्या बाजूला जाळी. पट्ट्यांवर समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो म्हणून दर शनिवारी दात घासायच्या ब्रशने साफ करायची शिस्त मला लावली. मशीन चार तास चाललं, मग आठ. मी ते बंद करायचाच कंटाळा करायला लागलो.

उतावळेपणाने मी एकदा त्यांच्या पाठीमागे अडीचशेची चिप पावणेतीनशेला नेली आणि खालच्या थंड पेयवाल्याकडून बर्फ आणून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, विटेवर ठेवला. बर्फाच्या माणसाला बर्फ दाखवून खूश करावं असा माझा विचार. काका आले, त्यांनी पिशवी बघितली, आणि मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते त्या एकाच दिवशी. पिशवी उचलून त्यांनी खिडकीतून खाली टाकली. मग मशीनची वायर ओढून काढली आणि वीट सोडवून मला चिपच्या कडा दाखवल्या. तिथे बारीक बारीक पाण्याचे थेंब धरलेले. आपल्याकडच्या हवेत गार पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच तिला फुटला होता. अजून पाच मिनिटांनी बोर्डच जळला असता. "हवेपेक्षा गार करू नको कुणाला," एवढंच म्हणाले आणि थेंब वाळेपर्यंत फेऱ्या मारत राहिले. मला त्यांचा राग आला होता. थेंब पाहिल्यावर तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

त्यानंतरचा मे महिना. चिंचणीची हवासुद्धा हलत नव्हती, मग बोईसरचं काय सांगावं. एका कंपनीचं मोठं माहितीपत्रक माझ्याकडे आलं होतं, रंगीत, चोवीस पानी. मशीन सकाळपासून चालू होतं. काका दोनला आले, नेहमीप्रमाणे उघड्या खोक्यात हात घालून विटेला उलटा हात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. "गार हाय. चालू दे," म्हणाले आणि खिडकीकडे गेले. मी काम करत होतो. दोन मिनिटांनी मला वास आला, तापलेल्या रंगाचा. मी वाकून बघितलं तर चिपवरचा पंखा फिरत नव्हता. मी विटेला बोट लावलं आणि ओरडलो. तोवर पडदा काळा झाला होता.

काका परत आले. माझं बोट बघितलं, लाल झालेलं. मग त्यांनी पुन्हा उलटा हात विटेला लावला. ठेवला. तळहात लावला. मग मनगटाच्या वरचा, कोपराजवळचा भाग लावला आणि तो झटकन मागे घेतला. खोलीतल्या एकेका वस्तूला ते हात लावत सुटले, झेरॉक्सला, चोकला, खिडकीच्या तापलेल्या गजाला, माठाला. शेवटी माझ्या चहाच्या पेल्याला. मग ते स्टुलावर बसले. मला चिप गेल्याचं दुःख त्या क्षणी आठवलंच नाही. ते बसलेले बघून मला भीती वाटली.

"तीनला माजी पाळी हाय," ते म्हणाले. आणि मग, "कुणाला बोलू नको."

त्यांना सेवेची दोन वर्षं उरली होती. हात गेला असं कळलं की कंपनी त्यांना प्लांटवरून काढणार हे उघड होतं, आणि प्लांटवरून काढलेल्या माणसाला त्या दिवसांत घरी पाठवण्याची घाई सगळ्याच कंपन्यांना झालेली होती. हे मला समजत होतं. पण त्या हाताच्या भरवशावर तिथे हंड्यापाशी उभा होता माझा भाऊ. मी त्यांना हो म्हटलं. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. साखर निघाली, बरीच जुनी. वाटेत पायातली चप्पल निघून गेली तरी काकांना कळायचं नाही आणि काकू त्यावरून त्यांची थट्टा करायच्या, तेही आता थट्टेचं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, पथ्य पाळा, गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. काकांनी त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. दुकानात आल्यावर म्हणाले, सराव केला तर येईल. तू माझी परीक्षा घे.

परीक्षा अशी. काकांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी पाठीमागे तीन स्टीलचे पेले ठेवायचे. एकात किटलीतलं कढत पाणी, एकात कोमट, एकात माठातलं. मग त्यांचा उलटा हात एकेका पेल्याला लावायचा आणि त्यांनी सांगायचं. पहिल्या दिवशी तिन्ही चुकले. दुसऱ्या दिवशी एक बरोबर, तोही कोमट असताना गरम म्हणाले आणि मी दयेने बरोबर धरला. पावणेतीनला ते कंपनीत जायचे आणि मी अकरापर्यंत, दादाची पाळी सुटेपर्यंत, दुकानात टाचा घासत असायचो. कुठल्याही कंपनीचा भोंगा वाजला की मी खिडकीत. काका कोपराने पाइप बघताहेत, असं दादाने एका रात्री त्याच्या खोलीवर जेवताना सहज सांगितलं. हातावर खरूज झालीय म्हणे, असंही सांगितलं. मी जेवणाच्या ताटावरून उठलो. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं आणि त्या रात्री मला स्वतःचा तिटकारा आला.

पाचव्या दिवशी काकांनी तिन्ही पेले बरोबर ओळखले. मी परत पाणी ओतलं, क्रम बदलला. परत बरोबर. तिसऱ्यांदा सुद्धा. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारणार होतो. इतक्या दिवसांचा छातीवरचा दगड उतरला, दादा वाचला, काका वाचले, माझी चोरीही वाचली.

काका भिंतीकडेच तोंड करून उभे होते. वळले नाहीत.

"हातान नाय रे सांगितलं," ते म्हणाले. "कानान सांगितलं. कढत पाण्याचा आवाज दबका येतो ओतताना. गार पाणी टणटण वाजतो."

मी म्हटलं, मग काय झालं, कळलं ना? कानाने कळलं तर कानाने. खरं सांगतो, मला तेवढ्यावर सोडवणूक हवी होती. त्यांनी मान हलवली.

"पाइपातला पाणी ओतून कोण दाखवनार हाय मला? तुजा भाऊ हाय तिकडे."

अनंतदादा माझा भाऊ आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पाच दिवस त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं आणि मीही काढलं नव्हतं. तिन्ही पेल्यांतलं पाणी त्यांनी खिडकीतल्या कुंडीत ओतलं, पेले पालथे घातले आणि पाळीला गेले.

पुढचं दादाने सांगितलं. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं पंपापाशी जमतात. तिथे सगळ्यांसमोर काका इनचार्जना म्हणाले, "साहेब, आज से मेरे हाथ का मत मानना. हाथ मर गया है." लोकांना वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरला पाइपाला हात लावायला सांगितलं, त्याच्याकडून जाणून घेतलं आणि मगच झडप उघडली. कंपनीत चार वर्षं न आलेलं तापमानाचं घड्याळ तिसऱ्या दिवशी आलं. काकांना गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. बसायला. दादा म्हणाला, तामोरे खुर्चीत कसला बसतोय, फाटकाच्या दोन्ही टोकांना फिरत असतो. आणि दिवाळीच्या आधी स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत त्यांचं नाव लागलं. ज्याला ते घाबरत होते ते सगळं तसंच झालं. दादाला मी माझे पाच दिवस सांगितले ते बऱ्याच वर्षांनी. तो काही बोलला नाही, आणि त्याने बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

काका नंतर दुकानात एकदाच आले. त्यांचा कंपनीतला हिशेब झाल्याच्या दिवशी, चिंचणीची एसटी पकडायच्या आधी. मी तोवर नवीन बोर्ड आणि नवीन चिप बसवली होती, आणि अर्थात तीही लिहिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवत होतो. या बोर्डाला चिपचं तापमान पडद्यावर दाखवायची सोय होती. काकांनी खोक्यात हात घालायला उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि खाली घेतला.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी पडद्यावर बघून सांगितलं, अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न म्हंजे कसा?"

अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. मग मी वाकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विटेला उलटा हात लावला. त्यांच्यासारखा, बोटं सैल सोडून. डोळे मिटले. चूक सांगितलं तर चालणार नव्हतं, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

मी म्हटलं, पेज वाढल्यावर लगेच पिववत नाही, फुंकर घालावी लागते. तशी. तीन फुंकरांची.

ते ऐकत होते. "मागल्या महिन्यात किती फुंकर होता?" मी पडद्यावरचा तेव्हाचा आकडा आठवून अंदाजाने म्हटलं, एक, फार तर दीड. "मग पट्ट्या साफ केल्या नाय तू," ते म्हणाले. मी केल्या नव्हत्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दारात जाऊन परत आले, दोनदा, काहीतरी विसरल्यासारखे. मग माझ्यासमोर उभं राहून त्यांनी उजवा हात पुढे केला, मला वाटलं निरोपाचा. तो त्यांनी उलटा धरला होता.

"आनि हा?"

मी तो माझ्या दोन्ही हातांत घेतला. उन्हातून चालत आलेल्या माणसाचा हात होता.

"ऊन हाय, काका," मी म्हणालो.

"बरा," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.